पट्टीखालचा उजेड

इब्राहिमने तारेला अडकवलेला गाडीचा थर्मोस्टॅट पातेल्यात सोडला आणि गॅस मोठा केला. पातेलं चहाचं होतं, पण त्यात चहा होऊन बरीच वर्षं झाली असावीत. मंजुषाने काचेचा थर्मामीटर पाण्यात धरला. बुडाला टेकणार नाही, काठाला लागणार नाही, असा.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"चौसष्ट."

"सांगत राहा."

अण्णा, तिचे वडील, प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. पायाशी त्यांची कापडी पिशवी होती. रविवार असल्यामुळे मोरवाडीमागची ती गल्ली अर्धी बंद होती. गॅरेजमध्ये त्यांची चौदा वर्षांची डिझेल गाडी बॉनेट उघडून उभी होती. इंजिनाचं हेड काढलेलं होतं आणि उघड्या पडलेल्या सिलिंडरांवर इब्राहिमने धुतलेलं कापड अंथरलं होतं. हेड शेजारच्या बाकावर पालथं ठेवलेलं होतं.

"पंच्याहत्तर," मंजुषा म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर. ऐंशी."

पाण्याच्या तळातून बारीक बुडबुडे सुटायला लागले. थर्मोस्टॅटची पितळी चकती हलली, आणि तिच्याखाली हळूहळू फट पडत गेली.

"ब्याऐंशी. उघडला."

"सारखा उघडला? का अडकत अडकत?"

"सारखा."

"मंग त्याचा काय दोष न्हाई," अण्णा म्हणाले.

इब्राहिमने गॅस बंद केला आणि वहीत खूण केली. त्या खुणेच्या वर आणखी चार खुणा होत्या. होस पाइप, वॉटर पंप, पंखा, रेडिएटर. गेल्या दोन दिवसांत त्याने गाडीतली प्रत्येक संशयित वस्तू एकेक करून तपासली होती आणि सगळ्या निर्दोष सुटल्या होत्या.

"मंग पानी गेलं कुटनं?" अण्णांनी विचारलं.

इब्राहिमने हात पुसले. त्याची दाढी आता बरीचशी पांढरी झाली होती. "वरून गेलं, अण्णा. रेडिएटरला झाकण नव्हतं. गाडी आली तेव्हाच नव्हतं."

"त्ये टोइंगवाल्यानं पाडलं असंल. नीट बांधत न्हाईत, काय न्हाई."

"असेल," इब्राहिम म्हणाला आणि त्याने मंजुषाकडे पाहिलं.

मंजुषा थर्मामीटर ओढणीने पुसत होती. पुसून झाल्यावर तिने तो त्याच्या नळीत घातला, नळीचं बूच लावलं, आणि पर्स मांडीवर ओढून घेतली.

झाकण पर्समध्ये होतं.

गुरुवारी अण्णा मैत्रीला, म्हणजे मंजुषाच्या मुलीला, सांगवीच्या क्लासला सोडायला निघाले होते. ओंकारची, मंजुषाच्या नवऱ्याची, गुजरातेतल्या प्लँटला बदली झाल्यापासून ती आणि मैत्री रावेतला अण्णांकडेच राहत होत्या. मंजुषा पहाटे पावणेसहाच्या कंपनीच्या बसने चाकणला जायची आणि संध्याकाळी परतायची, तेव्हा आठवड्यातून तीन दिवस मैत्रीची ने-आण अण्णांकडे होती. त्या दिवशी काळेवाडी फाट्याच्या पुढे गाडीने वाफ सोडली. अण्णांनी बॉनेट उचललं. मैत्री वाकून बघायला गेली आणि तिचा उजवा हात मनगटाच्या वर भाजला. फार नाही, दोन रुपयांच्या नाण्याएवढा फोड. पण ती तेरा वर्षांची मुलगी त्या रात्री आईला जे म्हणाली, ते फोडापेक्षा जास्त वेळ मंजुषाच्या अंगात राहिलं.

"आई, काटा लाल रेघेच्या वर होता. मी आजोबांना दोनदा सांगितलं. ते 'व्हय' म्हणाले आणि चालवतच राहिले."

झाकण मंजुषाला शुक्रवारी सकाळी सापडलं. देव्हाऱ्यात. बाळकृष्ण आणि खंडोबाच्या टाकाच्या मधे ते पालथं ठेवलेलं होतं आणि त्याच्यावर हळदीकुंकवाचं एकेक बोट होतं. आधी तिला काही वाटलंच नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अण्णांची हत्यारं दरवर्षी देव्हाऱ्यात असायची: सपाटपणा तपासायची पट्टी, फटी मोजायचं फिलर गेज, मायक्रोमीटर. सगळ्यांना हळदीकुंकू लागायचं. मग तिच्या लक्षात आलं की दसरा होऊन दोन महिने झालेत. अण्णा सकाळी खाली जाऊन रेडिएटरमध्ये पाणी घालतात, तसेच वर येऊन हात धुतात आणि पूजेला बसतात. गुरुवारी त्यांच्या हातात झाकण राहिलं होतं. आणि त्यांनी त्याची पूजा केली होती.

झाकण नसलं की दाब राहत नाही, दाब नसला की पाणी लवकर उकळतं. कुकरचं झाकण घट्ट नसलं तर जे होतं, तेच. यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

"पोरीचा हात कसाय?" अण्णांनी विचारलं.

"बरा आहे. सकाळीच सांगितलं ना तुम्हाला."

"व्हय का," अण्णा म्हणाले, आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले.

मंजुषाला ते 'सकाळीच' परत घ्यावंसं वाटलं.

समोरच्या पंक्चरच्या दुकानातून नवनाथ हात झटकत आला. तो मूळचा बीडकडचा. गल्लीत कोणाची गाडी खोलली गेली की त्याला राहवत नसे. त्याने सिलिंडरांवरचं कापड उचलून आत डोकावून पाहिलं.

"अण्णा, काय करायलाव एवढं? द्या मला. मागं मोकळ्या जागेत लावतो अन् कोंबड्या ठेवतो हिच्यात."

"तुज्या कोंबड्या डिझेलवर चालत्यात का?"

"कोंबड्या कशावरबी चालत्यात. माणसाचे लई नखरे." नवनाथ हसला. "खरं सांगायलोय. पुढच्या वर्षी पंधरा वर्षं भरतेत. मग तुम्ही पासिंगला खेटे घालायलाव अन् तिकडं कोणी तुम्हाला चहाबी विचारत नाही."

"तू हितं विचारलास का?"

"आता आणतो की!"

"बस तू. मी सांगून येतो," इब्राहिम म्हणाला आणि चप्पल घालून निघाला. मंजुषा त्याच्या मागे गेली. मागे नवनाथचं बोलणं आणि अण्णांचं तुटक हसू ऐकू येत होतं.

चहाची टपरी कोपऱ्यावर होती. चार सांगून इब्राहिम सावलीला उभा राहिला. मंजुषाने काही बोलायच्या आधी दोनदा ओढणी नीट केली.

"इब्राहिमभाई, हेड तापून वाकलंय का?"

"पट्टी लावली नाही अजून. अण्णांनी शुक्रवारीच बजावलं फोनवर. माझ्याशिवाय मोजायचं नाही."

"पण तुमचा अंदाज?"

"हात फिरवून पाहिला. सरळ लागतंय. हेडखालची गॅसकेट तेवढी गेली. गाडी बंद पडली म्हणून हेड वाचलं, नाहीतर अजून दोन किलोमीटरमध्ये सगळं संपलं असतं." तो थोडा थांबला. "सरळ निघालं तर नवीन गॅसकेट टाकून मंगळवारी देतो. वाकलं असलं तर नाही होत. एकदा फेसिंग झालंय त्याचं, आता घासायला जागा नाही. नवीन हेडच्या पैशांत अशी दुसरी गाडी येईल."

"वाकलंय म्हणून सांगा."

इब्राहिमने तिच्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे लाल होते. सलग नऊ दिवस कंपनीत ऑडिट होतं. रविवारची सुट्टी तिने भांडून घेतली होती.

"ताई, अण्णांना खोटं सांगू मी?"

मंजुषाने पर्स काखेत आवळली. तोच पुढे बोलू लागला.

"बावीस-तेवीस वर्षांपूर्वी मी इथे नवीन होतो. हेड सरळ आहे का ते नुसतं हाताने बघायचो. हे आले गाडी घेऊन, बघितलं, आणि पुढच्या रविवारी स्वतःची पट्टी घेऊन आले. सहा महिने येत होते दर रविवारी. पैसे नाहीत, जेवण नाही. एकच सांगायचे, जे दिसतं ते लिहायचं. गिऱ्हाईक ओळखीचं असो, कुणी असो."

"मलाही तेच सांगायचे," मंजुषा म्हणाली.

"मग तुम्हीच सांगा ना सरळ. गाडी चालवू नका म्हणून."

"तीनदा सांगितलं. डॉक्टरकडे चला म्हणूनही सांगितलं. म्हणतात, माझ्यात काय बिघडलंय ते आधी दाखव."

तिने पर्स उघडली. प्लास्टिकच्या पिशवीतलं झाकण काढून तिने तळहातावर धरलं. कुंकू पिशवीला पुसलं गेलं होतं. हळद मात्र झाकणाच्या खोबणीत बसली होती.

"कुठे मिळालं?"

"देव्हाऱ्यात."

इब्राहिमने झाकणाकडे बराच वेळ पाहिलं. टपरीवाल्याने ग्लास पुढे केले तेव्हाही त्याने हात पुढे केला नाही.

"दाखवा की मग हे," तो शेवटी हळू आवाजात म्हणाला.

"नाही जमत मला."

ती रोज चाकणच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांची मापं तपासायची. चूक सापडली की लाल शिक्का मारायची आणि माल परत पाठवायची. समोर कोण उभं आहे हे तिने कधी बघितलं नव्हतं. तीन दिवस ती हे झाकण घेऊन फिरत होती. रोज रात्री अण्णांच्या खोलीच्या दारापर्यंत जात होती आणि पाणी हवंय का विचारून परतत होती.

"गाडीचं काय, गाडी जाऊ दे," ती म्हणाली. "गाडी गेली असं त्यांना वाटलं तर चालेल."

इब्राहिमने ग्लासांची जाळी उचलली. "बघतो. पण मोजणार ते स्वतः. माझं कोण ऐकतंय तिथं?"

ते परतले तेव्हा नवनाथ आपल्या दुकानात गेला होता. एका स्कूटरचं चाक आलं होतं. अण्णा बाकापाशी उभे होते. त्यांनी बाही वर केली होती आणि हेडचा पृष्ठभाग रॉकेलच्या फडक्याने पुसत होते, एका बाजूने दुसरीकडे, परत मागे न येता.

"च्या ठेव तिकडं. आदी काम."

पिशवीतून त्यांनी लाकडी पेटी काढली. पेटीत मऊ कापडात गुंडाळलेली पोलादी पट्टी होती, दीड फूट लांबीची, तेलाचा पातळ हात दिलेली. ही त्यांनी कंपनीत लागल्यावर दुसऱ्या वर्षी स्वतःच्या पैशांनी घेतली होती. एकतीस वर्षं ते इंजिन तपासणीच्या खात्यात होते. एकदा महिनाअखेरीला पन्नास इंजिनांच्या कागदावर 'पास' लिहायला त्यांनी नकार दिला होता, आणि त्याबद्दल वर्षभर पॅकिंगला बसले होते. घरी त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. आईने सांगितलं म्हणून मंजुषाला माहीत होतं.

ती नऊ वर्षांची असताना अण्णांनी हीच पट्टी आईच्या पोळपाटावर उभी ठेवली होती आणि मागून बॅटरी लावली होती. पट्टीखालून मधोमध उजेडाची चीर दिसली होती. अण्णा आईला म्हणाले होते, बघ, पोळपाट मधी खोल हाय, म्हनून पोळी मधी जाड. आई म्हणाली होती, मग उद्यापासून तुम्ही लाटा. उजेड खोटं बोलत नाही, हे मंजुषाला त्या दिवशी कळलं. पुढे पुस्तकात तिने वाचलं की नीट घासलेल्या पट्टीखाली तीन-चार मायक्रॉनची फटसुद्धा उजेडाने डोळ्याला दिसते. तेव्हा तिला त्यात नवीन काही वाटलं नव्हतं.

"मंजू, बॅटरी धर. मागनं."

तिने बाकाच्या पलीकडे जाऊन टॉर्च हेडच्या पातळीवर धरला. इब्राहिम वही घेऊन उभा राहिला.

"सहा रेघा," अण्णा म्हणाले. "दोन लांबीच्या, दोन रुंदीच्या, दोन तिरक्या. पाचाचं पान शिरलं न्हाई तर हेड सरळ. धाचं शिरलं तर भंगार. मधलं काय असंल तर मंग बगू."

पान म्हणजे फिलर गेजची पोलादी पाती, आणि पाच म्हणजे मिलिमीटरचे पाच शतांश. केसाहून थोडं बारीक.

त्यांनी पट्टी पहिल्या कडेला उभी ठेवली. हात अजिबात कापत नव्हते. गेल्या काही महिन्यांत घरी गॅस चालू राहिला, चष्मा फ्रिजमध्ये राहिला, मैत्रीला एकदा दोनदा मंजू म्हणून हाक मारली. पण पट्टी कुठल्या बोटांनी धरायची, किती वजन द्यायचं, हे हातांच्या लक्षात होतं. ते वाकले. मंजुषाही पलीकडून वाकली. पट्टीखाली काळी रेघ होती, अखंड.

अण्णांनी फिलर गेजमधून सर्वांत पातळ पान वेगळं केलं आणि पट्टीखाली सरकवून पाहिलं. पान अडलं.

"न्हाई."

इब्राहिमने लिहिलं.

दुसरी रेघ. तिसरी. चौथी. दर वेळी ते पट्टी उचलत, पुसत, मग ठेवत. दर वेळी काळी रेघ. चौथीनंतर ते सरळ उभे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मंजुषाने मान खाली घातली.

"बग इब्राहिम. चौदा वर्सं. एकदा घासल्यालं हेड. एवढं तापलं, तरी बग कसं हाय."

"होय अण्णा. पूर्वीचं ओतकाम," इब्राहिम म्हणाला. त्याने एकदा मंजुषाकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

पाचवी रेघ, पहिली तिरकी. उजेड नव्हता. पान शिरलं नाही.

मंजुषाच्या हातातला टॉर्च जड झाला. मंगळवारी गाडी मिळेल. बुधवारी सांगवीचा क्लास असेल. ती चाकणला असेल आणि दुपारी साडेचारला तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे जाईल.

अण्णा सहाव्या रेघेसाठी पट्टी पुसत होते. पुसता पुसता थांबले. ते हेडकडे बघत नव्हते. उघड्या बॉनेटखालच्या, झाकण नसलेल्या रेडिएटरच्या तोंडाकडे बघत होते.

"पोरीनं सांगितलं व्हतं मला," ते म्हणाले. "काटा लाल झाला म्हनून."

इब्राहिमने वहीवरून मान वर केली.

"एकदा न्हाई. दोनदा सांगितलं. म्या व्हय म्हनलं." त्यांनी पट्टीच्या धारेवरून अंगठा फिरवला. "का म्हनलं, त्ये काय आटवत न्हाई."

मग त्यांनी पट्टी दुसऱ्या तिरकीवर ठेवली आणि वाकले. मंजुषा पलीकडून वाकली. पट्टीखाली काळी रेघ होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही, सुईच्या अग्राएवढाही, उजेड नव्हता.

"हितं हाय," अण्णा म्हणाले.

मंजुषाने परत पाहिलं. तिने टॉर्च थोडा वर घेतला, थोडा खाली घेतला.

अण्णांनी जाड पान निवडलं. ते पट्टीला टेकवलं आणि पुढे दाबलं. मंजुषाच्या डोळ्यांपासून ते वीतभर अंतरावर होतं. पोलादाचं ते पान पट्टीच्या कडेला अडलं आणि मधून हलकेच वर वाकलं.

"गेलं," अण्णा म्हणाले.

इब्राहिमचं पेन वहीवर टेकलेलं होतं. तो ते वाकलेलं पोलादी पान बघत होता. त्याला बाजूने दिसत होतं. चांगलं दिसत होतं.

"अण्णा, मी एकदा बघू?"

"कशाला? माज्या हातानं मोजल्यालं कदी चुकलंय का?"

"नाही, अण्णा."

"मंग?"

मंजुषाच्या ओठांवर आलं होतं. अण्णा, उजेड दिसत नाहीये. इतकंच. नऊ वर्षांची असल्यापासून ती हे वाक्य बोलत आली होती. त्यांनी पान मागे घेतलं आणि पट्टीवरून तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच ते तिच्याकडे असे नीट बघत होते, चष्म्याच्या वरून.

तिने बटण दाबलं. पट्टीमागचा उजेड गेला.

"लिही," अण्णा इब्राहिमला म्हणाले.

"किती?"

"पंधरा."

इब्राहिमने लिहिलं. आकडा त्याने सावकाश काढला आणि वही मिटून काखेत धरली.

अण्णांनी पट्टी पुसली. पिशवीतून छोटी बाटली काढून तेलाचा थेंब बोटावर घेतला, तो पट्टीला लांबीने फिरवला, पट्टी कापडात गुंडाळली, पेटीत ठेवली. फिलरची पानं एकेक करून आत मिटली. सगळं त्याच क्रमाने, जसं मंजुषाने शेकडो वेळा पाहिलं होतं. मग त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"नवनाथ!" त्यांनी हाक मारली.

"काय निकाल, अण्णा?" समोरून आवाज आला. नवनाथ ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

"घिऊन जा. ठेव कोंबड्या."

"मस्करी करायलाव का?"

"कागद उद्या दितो. ह्यो इब्राहिम सांगंल काय त्ये. ह्याची मजुरी आदी द्यायची. आन शिटांवरची कवरं काढून ठेव, ती माज्या बायकोनं शिवल्याली हाईत."

नवनाथ ट्यूब तशीच पाण्यात सोडून उभा राहिला. त्याला हसावं की नाही ते कळत नव्हतं. इब्राहिमने त्याला मानेनेच खूण केली, आणि तो परत खाली बसला.

अण्णांनी गाडीची किल्ली खिशातून काढली. किल्लीबरोबर घराच्या आणि कपाटाच्या किल्ल्या होत्या. कडी घट्ट होती. त्यांनी नखाने उघडायचा प्रयत्न केला, मग कडी मंजुषापुढे धरली. तिने गाडीची किल्ली वेगळी करून इब्राहिमच्या हातात दिली आणि बाकीच्या अण्णांना परत दिल्या. त्यांनी त्या मोजून खिशात टाकल्या.

"चला?" ती म्हणाली. "रिक्षा बघते."

"थांब." अण्णा गाडीपाशी गेले होते. "झाकण दे."

मंजुषा तिथेच उभी राहिली.

"वस्तू द्याची तर पुरी द्यावी," अण्णा म्हणाले. "देव्हाऱ्यात व्हतं. शुक्रवारी सांजच्याला म्या बगाया गेलो, तर न्हवतं. पोरगी काय देवाला हात लावत न्हाई."

तिने पर्स उघडली. पिशवीची गाठ तिला लवकर सुटेना. झाकण हातात आलं तेव्हा ते तिच्या हाताइतकंच गरम होतं. तिने ते अण्णांना दिलं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. खोबणीतल्या हळदीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ती पुसली नाही.

"लागलं किती?" त्यांनी विचारलं. "पोरीला."

"थोडंसं. खपली धरलीये आता," मंजुषा म्हणाली. "दोन-चार दिवसांत निघेल. व्रण राहणार नाही, अण्णा."

अण्णांनी मान हलवली. त्यांनी झाकण रेडिएटरच्या तोंडावर ठेवलं, तळव्याने दाबलं आणि उजवीकडे फिरवलं. त्याला दोन टप्पे असतात. पहिला लागल्याचा बारीक आवाज आला. आणखी जोर दिल्यासारखा त्यांचा खांदा हलला. मग ते थांबले, हात तसाच झाकणावर ठेवून.

"दुसरा लागला का, बग जरा," ते म्हणाले.

मंजुषा पुढे झाली. तिने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबून फिरवून पाहिलं. झाकण हललं नाही.

"लागलाय," ती म्हणाली.